दिवसाला अर्धा लिटर

सोळा वर्षं मी जानेफळच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवतेय. कसं पळायचं, सूर कसा मारायचा, पडल्यावर गुडघा न चोळता कसं उठायचं, हे सगळं शिकवलं. त्यासोबत तहान मारायलाही शिकवलं. खेळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, असं मला माझ्या शिक्षकांनी सांगितलं होतं. मी ते जसंच्या तसं माझ्या मुलींना सांगत आले. मागच्या उन्हाळ्यात त्याच तहानेनं मला दवाखान्याच्या खाटेवर आडवं केलं.

आता मी बरी आहे. उन्हात राबणाऱ्या, पळणाऱ्या, दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा. माझ्यावर काय गुदरलं तेवढंच मी सांगू शकते.

शिबिर

एप्रिलच्या शेवटी आमचं उन्हाळी शिबिर असतं. सकाळी सहा ते नऊ आणि परत साडेचार ते सात. मी नुसती शिट्टी घेऊन उभी राहणाऱ्यांतली नाही, मुलींसोबत पळते. त्या वर्षी उजवा गुडघा दुखत होता. मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि दिवसाला दोन, कधी तीन, अशा आठ दिवस घेतल्या. कोणाला विचारलं नाही.

मैदानाच्या कडेला एक शौचालय आहे. त्याला कायम कुलूप. किल्ली ऑफिसात, कारण ते पाहुण्यांसाठी स्वच्छ ठेवायचं. म्हणून मी सकाळी अर्धा कप चहावर निघायची आणि घरी येईपर्यंत पाण्याला शिवायची नाही. त्रास होतोय असं कधी वाटलंही नाही, अंगवळणी पडलं होतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी पळता पळता मांड्या दगडासारख्या झाल्या. खांबाला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. उष्णता झाली असेल म्हणून जिऱ्याचं पाणी घेतलं, ते उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी लघवीच झाली नाही, आणि ते माझ्या नाही, सासूबाईंच्या लक्षात आलं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो.

"उज्ज्वला, सकाळपासून तू एकदाही बाथरूमले गेली नाहीस. पाय काऊन सुजले तुये?"

माझे पती संजय यांची घरालगत पिठाची गिरणी आहे. आत्यांनी त्यांना हाक मारली. त्यांनी चालू दळण थांबवलं, हात झटकले आणि मला मोटारसायकलवर बसवून मेहकरला नेलं. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि संजयना म्हणाले, "जरा बाहेर येता का?"

मी म्हटलं, "सर, मी शिक्षिका आहे. पोरींचे निकाल मी त्यांच्या तोंडावर सांगते. माझा निकाल माझ्यासमोर सांगा."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत. आजच्या आज बुलढाण्याला जा. डायलिसिस लागेल."

मी एकेचाळीस वर्षांची. आयुष्यात बाळंतपण सोडलं तर दवाखान्यात राहिले नव्हते. डायलिसिस हा शब्द मी फक्त मयताच्या घरी ऐकला होता.

चौघांनी मिळून

बुलढाण्याच्या डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी माझी जीभ बघितली, मग पाय दाबून बघितले, मग विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

मी मोजायला लागले. जेवताना एक तांब्या, घरी आल्यावर एक ग्लास. पुढे मोजायला काही सापडेना.

"आणि गोळ्या?"

तेही सांगितलं.

"कोरडं शरीर, ऊन, पळणं आणि वरून ह्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "चौघांनी मिळून केलंय हे. एकट्यादुकट्याचं काम नाही."

"परत चालू होतील?"

"अशा वेळी बहुतेक करून होतात. पण तारीख देणार नाही मी."

मग त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाल्या, "आजपासून दिवसाला अर्धा लिटर. पाणी, चहा, दूध, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पाणी कमी पडून मी इथवर आले आणि आता पाणीच कमी करायचं? त्यांनी सरळ सांगितलं, "आत गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट सध्या बंद आहे. जास्त प्यायलात तर ते फुप्फुसात साचेल."

दहा वाट्या

मानेत नळी बसवली आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. चार चार तास. मे महिन्यात दोन पांघरुणं घेऊनही थंडी वाजायची. मशीन मध्येच टुंटुं करायचं आणि दर वेळी माझा जीव गोळा व्हायचा. लता सिस्टर लांबूनच सांगायच्या, "काही नाही ताई, नळी दबली. मान सरळ करा." आठवडाभरानं मी मशीनचा आवाज ओळखायला लागले, जसा गिरणीचा पट्टा सैल झाला की मला घरात कळतो.

पाण्याचं माप संजयनी हातात घेतलं. औषधाची पन्नास मिलीची वाटी, अशा दिवसाच्या दहा. ज्या माणसाच्या मापावर गिरणीत रोज दहा बाया शंका घेतात, त्याच्या मापाला इथे सिस्टरसुद्धा हात लावत नव्हत्या. सकाळची एक, गोळ्यांची एक, जेवणाची एक. दुपारी चारपर्यंत सहा संपलेल्या असत, आणि मग उरलेल्या चार वाट्यांकडे बघत बसायचं.

तहान म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. मैदानावर जी मारली ती तहान नव्हतीच. जीभ टाळूला चिकटायची. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या नळाखाली कोणी डबा धुतला तरी मी डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत पडून राहायची. लता सिस्टरांनी एक युक्ती दिली. पाणी गिळण्याऐवजी तेवढाच बर्फाचा खडा चघळायचा आणि मधून चूळ भरून थुंकायचं. एका खड्यावर वीस मिनिटं निघायची. त्या वीस मिनिटांसाठी मी आजही त्यांचं नाव काढते.

शेजारच्या खाटेवर नांदुऱ्याचे एक काका येत. तीन वर्षांपासून आठवड्याला दोनदा. त्यांच्याकडे बघून मनात यायचं, आपलंही असंच झालं तर. त्यांना ते कळलं असावं. एकदा स्वतःहून म्हणाले, "बाई, मायं वेगळं हाय, मायी शुगर जुनी. तू माह्याकडे पाहून हिशोब नको लावू."

घरातही ताण होता, तो लपवत नाही. एकदा सिस्टरांसमोर संजय बोलून गेले, "तुले त्या गोळ्या घ्यायले कोणी सांगतलं होतं?" खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. ते दिवसभर वाट्या मोजून देत राहिले. संध्याकाळी आमची सहावीतली स्नेहल फोनवर आली आणि म्हणाली, "आई, बाबाले आज जेवले का विचार, आजी म्हणते ते जेवत नाहीत." मग मी विचारलं. ते जेवले नव्हते.

आई

सहाव्या दिवशी उंद्रीहून माझी आई एसटीनं आली.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेली. तिच्या तरुणपणी काही मालकांच्या शेतात आमच्या समाजाच्या बायांना मडक्याला हात लावू देत नसत. लांब उभं राहून ओंजळ धरायची, कोणीतरी वरून पाणी ओतणार. आई म्हणायची, "ओंजळ धरण्यापरस तहान बरी." ती सकाळी घरून पाणी पिऊन निघायची आणि दिवेलागणीला घरी येऊनच प्यायची. मधला सगळा दिवस कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत, कोरडा. मी लहानपणी तिच्यासोबत शेतात असायची. पाणी मागायचं नाही, हे मला तिनं सांगून शिकवलं नाही. मी बघून शिकले. तो आमच्या घरचा ताठा होता. तहान सोसता येते याचा मला शाळेत असल्यापासून अभिमान वाटायचा.

संजय जेवायला खाली गेले होते. मी सहज म्हटलं, "आई, घसा जळते वं."

आईनं टेबलावरची वाटी उचलली. "हे काय हाय? चिमणीले पाणी ठेवतात का?"

"तेवढंच द्यायचं आहे."

तिनं काही न बोलता पिशवीतून पाण्याची बाटली काढली. घरची, उंद्रीची. झाकण काढून माझ्या हातात दिली.

मी नको म्हटलं नाही, हे मला इथे खरं लिहायचं आहे. मला सगळं माहीत होतं. तरी मी ती बाटली रिकामी केली.

दुपारी चारला श्वास अडकायला लागला. आडवं झालं की बुडल्यासारखं वाटायचं. छातीतून खळखळ आवाज येत होता. लता सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजन लावला, मशीन ओढून आणलं. त्या दिवशी डायलिसिसची पाळी नव्हती, तरी करावं लागलं. आई दाराशी भिंतीला चिकटून उभी होती.

श्वास बसल्यावर डॉक्टर मॅडमनी विचारलं, "पाणी कोणी दिलं?"

"मीच घेतलं," मी म्हटलं.

"म्या देलं," आई दारातून म्हणाली. "माह्या लेकीले कोणी पाणी नाही म्हणलं तर म्या ऐकून घेत नाही. मले काय शिक्षा करायची ते करा."

मॅडम रागावतील असं वाटलं. त्यांनी आईला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "मावशी, तिला पाणी नाकारत नाही आम्ही. नाली तुंबलेली असताना नळ सोडला तर पाणी कुठे जाईल?"

आई विचार करून म्हणाली, "घरात शिरन."

"तसंच तिच्या छातीत शिरलं."

आईनं रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मंग नाली मोकळी झाल्यावर देसान ना?"

"पहिला पूर्ण ग्लास तुमच्याच हातानं देऊ."

त्या दिवसापासून वाटी आईकडे आली. संजयपेक्षा ती कडक निघाली. अकरावी वाटी मी एकदा हात जोडून मागितली. आईनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले, पण वाटी दिली नाही.

चाळीस मिली

दहाव्या दिवशी सकाळी मला जाणवलं की जावंसं वाटतंय. आधी विश्वास बसेना. लता सिस्टरांनी मापाचं भांडं दिलं. चाळीस मिली.

संजयनी ते भांडं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि खाली वाकून रेघ वाचली. मग घरी फोन लावला. आत्यांनी स्पीकर चालू केला असावा, मागे गिरणीवरच्या बायांचे आवाज येत होते.

"किती झाली म्हणे?"

"चाळीस मिली."

"म्हंजे किती, बाप्पा, नीट सांग."

"अर्ध्या कपाच्या खाली."

"होऊ दे, माय, होऊ दे," आत्या म्हणाल्या, आणि मागच्या बायांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या लघवीची बातमी त्या दिवशी सकाळी दहाच्या आत सगळ्या जानेफळात गेली. मी सोळा वर्षं त्या गावात शिक्षिका आहे. मला जराही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दीडशे, मग चारशे, मग नऊशे. संजय आकडा सांगायचे आणि नांदुऱ्याचे काका पाळीला आले की आधी तोच विचारायचे. दीड लिटर झाली त्या दिवशी मॅडमनी रिपोर्ट बघितला, सातव्या डायलिसिसनंतर आता पुढचं नाही म्हणाल्या आणि मानेतली नळी काढली.

मग त्यांनी आईला हाक मारली. स्टीलचा ग्लास, काठोकाठ. देताना थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"बसून पे," ती म्हणाली. "घाई नाही. कोणी उभं नाही तुह्यासमोर."

मी प्यायले. एवढं साधं पाणी, त्याला चव असते हे मला माहीत नव्हतं. ग्लास संपल्यावर मी तोच परत भरायला सांगितला आणि आईला दिला. दुपार होती, तिनंही सकाळपासून काही घेतलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि घटाघटा प्यायली.

ऋतुजा

घरी आल्यावर, जूनमध्ये, माझ्या संघातली ऋतुजा भेटायला आली. दहावीतली, आमची सगळ्यात चपळ पळणारी. ती बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसली.

"म्याडम, मलेही लघवीले जळजळ होते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. म्या घरून निघाली की घरी जाईलोक पाणीच नाही पेत. शाळेत जायले जागा नाही ना. अन् तुम्ही म्हणता पेऊ नका, मंग बरंच होतं ते."

हे ऐकून जी कळ गेली ती मानेत नळी घालतानाच्या कळेपेक्षा मोठी होती. आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून या मुलींकडे मी तहानच पोहोचवत आले होते, शिस्त म्हणून.

मी तिच्या आईला बोलावून तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तिचं औषधानं भागलं. शाळा सुरू झाली त्या दिवशी, अजून रजेवर असताना, मी मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, मैदानाच्या शौचालयाची किल्ली हवी."

"मॅडम, आधी तब्येत सांभाळा. पाण्याची लाइन नाही तिथे. निधी आला की बघू."

"किल्ली द्या. लाइनचं मी बघते. आणि सर, पाहुणे वर्षातून दोनदा येतात. मुली रोज येतात."

सरांनी माझ्या मानेवरच्या नळीच्या व्रणाकडे बघितलं आणि खणातून किल्ली काढली. रविवारी संजयनी टाकीपासून पाइप ओढला, नळ बसवला, दाराला आतून कडी बसवली. कुलूप मी घरी घेऊन आले.

किती पाणी?

ऑगस्टच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, "मला एका आकड्यात सांगा, खेळणाऱ्या मुलीनं दिवसाला किती प्यायचं. मी फळ्यावर लिहिते."

त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "फळ्यावर लिहू नका. तुम्ही उन्हात तीन तास पळता, तुमचे मिस्टर गिरणीत उभे असतात, सासूबाई सावलीत बसतात. तिघांना एकच आकडा कसा देऊ?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवलं. तहानेशी भांडायचं नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे ठीक, गडद झाला की पाणी कमी पडतंय. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करायचं. जेवढं उतरलं तेवढं बहुतेक घामानं गेलेलं पाणी, ते हळूहळू भरून काढायचं. घाम फार गेला तर मीठही जातं, म्हणून लिंबू-मीठ-साखर किंवा जेवण सोबत हवं. आणि वजन उलट वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात, तेही धोक्याचं.

सप्टेंबरमध्ये सराव सुरू झाला तेव्हा संजयनी गिरणीवरचा मोठा काटा टेम्पोतून मैदानावर आणला. मुली वजनाला लाजल्या. मग मी पडदा लावला. एकीनं आत जायचं, आकडा मी कोणाला सांगायचा नाही, फक्त आधीचा आणि नंतरचा फरक सांगायचा. ऋतुजा तासाभरात जवळजवळ एक किलो उतरली होती. तिच्याच बाजूला खेळणारी पूजा पाव किलोही नाही. एकच मैदान, एकच ऊन. मुलींना ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, मला वेगळं समजवावं लागलं नाही.

उत्साहाचाही त्रास झाला. पूजानं चढाओढीनं दोन बाटल्या एका दमात संपवल्या आणि उलटी करून बसली. तिचं वजन सरावाआधीपेक्षा वाढलेलं निघालं. मी सगळ्यांना गोल बसवलं आणि माझी बुलढाण्याची गोष्ट सांगितली, आईच्या बाटलीसकट. त्यानंतर दर वीस मिनिटांनी शिट्टी झाली की मुली घोट घोट प्यायल्या, ज्यांना तहान नव्हती त्यांनी ग्लास खाली ठेवला. पोटात कळ कोणाच्याच आली नाही. सोळा वर्षांत कोणी करून बघितलं नव्हतं एवढंच.

पुढचा डाव

त्या हिवाळ्यात आमच्या मुली तालुक्याला जिंकल्या. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात समोरच्या मुली कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायला लागल्या, तेव्हा ऋतुजा साडेतीन मिनिटं पळून बाहेर आली आणि पाणी पिऊन पुन्हा उभी राहिली. एका गुणानं जिंकलो. शाळेला जिल्ह्याची ढाल पहिल्यांदाच मिळाली. मला ढालीइतकाच आनंद दुसऱ्या एका गोष्टीचा झाला. सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या मॅडम माझ्याकडे आल्या आणि हळूच विचारलं, "तुम्ही मधे मुलींना पाणी काऊन देता?" आम्ही दोघी मैदानाच्या कडेला तासभर बसलो.

त्याच्या आधी, नोव्हेंबरमध्ये, मॅडमनी मला पळायची परवानगी दिली होती. रिपोर्ट सगळे ठीक. गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद, त्यासाठी व्यायाम. आधी मी चालले, मग मैदानाची एक फेरी, मग पाच.

ढाल आल्यावर दुसऱ्या दिवशी मुलींनी हट्ट धरला. "म्याडम, एक डाव तुम्ही पण." मी ओढणी कमरेला बांधली आणि पाठलाग करणाऱ्यांच्या ओळीत बसले. तिसऱ्या मिनिटाला पूजानं माझ्या पाठीवर थाप मारली, "खो." मी उठले. समोर ऋतुजा होती. तिनं डावीकडे हूल दिली, मी फसले नाही. ती खांबाकडे वळली. माझ्या मांड्या हलक्या होत्या, श्वास मोकळा होता. मी सूर मारला.

बोटं तिच्या टाचेला लागली.

आम्ही दोघी मातीत पडलो होतो. मुलींचा गलका चालू होता. ऋतुजा तशीच पडल्या पडल्या माझ्याकडे वळली, धापा टाकत.

"म्याडम, तुम्ही तं आजारी होत्या ना?"

"होती," मी म्हटलं. "उठ आता, पुढचा डाव लाव."